बोरीवलीहून मुलुंडला, नातीची कातडी घेऊन

मुंबईहून परत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी विहारातल्या बायकांनी मला गाठलं. "काय काय पाहिलं, सांगा की!" तीन आठवडे राहून आलेली बाई, म्हणजे सांगायला पुष्कळ असणार. मी म्हटलं, बाई गं, बोरीवलीतल्या एका दवाखान्याची खिडकी पाहिली, चारकोपचा मासळीबाजार पाहिला आणि मुलुंडच्या एका लॅबचा जिना पाहिला. त्या हसल्या, त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मग लिहूनच काढायचं ठरवलं. तोंडाने सांगताना माझा आवाज मध्येच बसतो आणि समोरची बाई माझी समजूत काढायला लागते, ते मला आवडत नाही.

मी वाशीमला ब्लाउज शिवते, तीस वर्षं झाली. धाकटी मुलगी मनीषा मुंबईला नोकरीला गेली आणि नितेश नावाच्या कोळ्याच्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. आमचं बौद्धाचं घर, त्यांचं पिढ्यान् पिढ्या मासळीवर जगलेलं. दोन्हीकडच्यांनी महिनाभर तोंडं फुगवली आणि मग सगळं रुळलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. मुलगी झाल्याचा फोन आला तसं मी तीळतेल, बेसन, डिंकाचे लाडू असं सगळं पिशवीत भरलं आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघाले.

बोरीवली

नितेश मला उतरवून घ्यायला आला होता. चेहऱ्यावर बाप झाल्याचा आनंद काही दिसेना. "आई, घरी नंतर जाऊ. आधी दवाखान्यात," एवढंच तो म्हणाला.

दवाखाना चौथ्या मजल्यावर. खिडकीतून नॅशनल पार्कचा डोंगर दिसत होता, हिरवागार, जणू शहर तिथे येऊन थकून थांबलेलं. मनीषा खाटेवर बसलेली. तिच्यासमोर एका फोमच्या गादीवर बाळ, अंगावर नुसतं मलमलीचं फडकं. मी हात धुऊन पुढे झाले, तर मनीषा किंचाळलीच. "आई, हात लावू नकोस!"

आता सांगा, नातीला बघायला रात्रभर बसून आलेल्या आजीला असं कोणी म्हणतं का? मला राग आला. म्हटलं, "काहून गं? माझ्या हाताला काय झालं?" तिने फडकं बाजूला केलं. पोरीच्या उजव्या पावलावर कातडीच नव्हती. लाल, ओलं मांस. मांडीवर दोन मोठे फोड, काखेत एक. नर्सने जन्मल्या जन्मल्या काखेत हात घालून उचललं होतं, तिथला तो.

आमच्याकडे बाळाला पहिल्या दिवसापासून रगडतात. तेल लावायचं, बेसनाचा गोळा फिरवायचा, पाय ओढायचे, नाक चिमटायचं. बाळ जितकं रडेल तितकं चांगलं म्हणतात. मी चार लेकरं अशीच वाढवली. तेलाची बाटली पिशवीत तशीच राहिली आणि मी खुर्चीवर बसून राहिले.

दुपारी कातडीच्या डॉक्टरीणबाई आल्या. बारीक, चष्म्याच्या, भराभर बोलणाऱ्या. मला म्हणाल्या, "आजी, तुम्ही काय करता?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला लगेच कळेल. आपली कातडी म्हणजे वरचं कापड आणि खाली अस्तर. वरच्या कापडात पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात आणि तळच्या पेशी अस्तराला. हे धरून ठेवणारे बारीक टाके असतात, डोळ्यांना न दिसणारे. आपण रोज अंग घासतो, चालतो, ओझं उचलतो, तरी कातडी सुटत नाही ती त्यांच्यामुळे. हिचे टाके जन्मतः कच्चे आहेत. जरा घासलं की थर सुटतो आणि मधे पाणी भरतं. तो फोड."

"मग दुरुस्त करा ना," मी म्हटलं.

"आधी कुठे उसवतंय ते कळायला हवं." त्यांनी तीन शक्यता सांगितल्या, मी मनात बोटांवर मोजल्या. वरच्या कापडातच फाटत असेल तर पोर मोठी होईल तसं पुष्कळदा सोपं होत जातं. अस्तराच्या खाली फाटत असेल तर व्रण राहतात, बोटं आखडतात, जन्माची लढाई. आणि बरोबर मधली शिलाईच उसवत असेल तर? त्या म्हणाल्या, "मधल्या शिलाईचा धागाच नसेल, तर ती मुलं बहुतेक वर्षभरही काढत नाहीत."

मनीषा भिंतीकडे बघत होती. नितेशने विचारलं, "आणि हे कळणार कसं?"

"कातडीचा छोटा तुकडा काढून मुलुंडच्या लॅबला पाठवायचा. तिथे ते रंगवून बघतात, कुठला थर सुटलाय आणि धागा आहे की नाही. तोवर हिच्या रडण्यावर लक्ष ठेवा. आवाज घोगरा झाला तर मला लगेच सांगा. घशाच्या आतही हेच टाके असतात."

त्या दिवसापासून पोर रडली की आम्ही सगळे गप्प होऊन ऐकायचो. दुसरीकडे माणसं रडणारं पोर उगी करतात.

चारकोप

राहायला मी विहिणीकडे, चारकोपला. खाडीच्या बाजूला त्यांची जुनी वस्ती, आता चहूबाजूंनी सेक्टरच्या चाळवजा इमारती. दुसऱ्या दिवशी मी एकटीच दवाखान्यातून परतले आणि चांगलीच वाट चुकले. सेक्टर, प्लॉट, सोसायटी, सगळ्यांना नंबर आणि सगळ्यांचा पिवळा रंग. एका घरी मी सरळ आत जाऊन चपला काढल्या, पाणी मागितलं, प्यालेसुद्धा. तिथल्या गुजराती बाईने फार अदबीने विचारलं, "आजी, आप किसके यहाँ आये?" वाशीममध्ये असं झालं असतं तर चहा पाजूनच सोडलं असतं. तिनेही पाजला, खोटं का बोला.

विहीण भानूबाय. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, धिप्पाड, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. पहाटे मासळी आणायची, दुपारपर्यंत चारकोपच्या बाजारात विकायची, मग थर्माकोलची रिकामी पेटी डोक्यावर घेऊन थेट दवाखान्यात यायची. नर्सा नाक मुरडायच्या. ती म्हणायची, "वास येतो? येऊंदे. नात माजी हाय."

पहिल्या रात्री तिने मला निवट्यांचं कालवण वाढलं. खाडीच्या चिखलातले ते बुटके मासे, डोळे वर आलेले. मी वाशीमची, आमच्याकडे मासा म्हणजे तळ्यातला रोहू. एक निवटी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. भानूबाय म्हणाली, "ताई, बाळंतिणीला हे दिलं की दूध येतं. तुमी तर आजी, तुमाला ताकद येंल." मी डोळे मिटून खाल्ली. चव चांगली होती हो. तांदळाची भाकरी मात्र मला कागदासारखी लागली, आणि मी थापलेली ज्वारीची तिला विटेसारखी लागली असणार. तिने अर्धी खाल्ली, अर्धी शेजारच्या मांजरीला दिली आणि म्हणाली, "तिला आवडली."

बाळ सहा दिवसांचं झालं त्या रात्री जेवताना मी विचारलं, "पाचवीची पूजा केली का?" ती म्हणाली, "केली. पण सटवाईला सांगितलं, बाय, कपाळावर लिव्हशील ते हळू हातानं लिही." मी देव मानत नाही, पण त्या वाक्याला मी हात जोडले.

मुलुंड

तुकडा काढायचा दिवस. डॉक्टरीणबाईंनी साधा पेन्सिलीचा खोडरबर घेतला, निर्जंतुक केलेला, आणि पोरीच्या मांडीवर चांगल्या जागी फिरवला. ताजा फोड लागतो म्हणे, जुन्या फोडावरून खरं कळत नाही. मी उभी राहून पाहिलं. मग बधिर करायची सुई, मग बारीक गोल पात्याने तांदळाच्या दाण्याएवढे दोन तुकडे. एक इथल्याच लॅबसाठी औषधाच्या बाटलीत गेला. दुसरा, महत्त्वाचा, सलाईनच्या पाण्याच्या छोट्या बाटलीत.

लॅबचा माणूस त्या दिवशी आलाच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरातलं कोणी नेईल का? संध्याकाळपर्यंत पोहोचायला हवं. आणि थंड ठेवा." त्या पुढच्या पेशंटकडे पळाल्या. नितेशला मनीषापाशी थांबणं भाग होतं. मी म्हटलं मी जाते. भानूबाय म्हणाली, "तुमी एकट्या? त्या दिवशी दुसऱ्याच्या घरात जाऊन पाणी प्यालात. मी पण येते."

खाली उतरलो तर तिची पेटी होतीच. "थंड ठेवायचं ना? ते माज्यावर सोडा. चाळीस वरसं काय करते मी?" कोपऱ्यावरच्या बर्फवाल्याकडून तिने बर्फ घेतला, दांडक्याने बारीक चुरला. मग मला म्हणाली, "ताई, तेवढं वाण्याकडून खडे मीठ आणा. मीठ टाकलं का बर्फ कडक गार करतो. पापलेट दोन दिस ताजं राहतं." मी गेले आणि आणलं. एक किलो मागितलं होतं तिने, मी दोन आणलं, कमी नको पडायला. तिने बाटली प्लास्टिकमध्ये गुंडाळली, तीन वेळा गाठ मारली, बर्फामिठाच्या मधोमध ठेवली, वरून पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. सासरी निघालेल्या मुलीची ओटी भरावी तशी भरत होती.

रिक्षात पेटी आमच्या दोघींच्या मांडीवर. डोंगराला अख्खा वळसा घालावा लागतो. पवईचं तळं लागलं, तिथे मगरी आहेत असं भानूबायने सांगितलं. मुलुंडला पोचल्यावर पाहिलं तर पुन्हा तोच डोंगर, पाठीकडून. बोरीवलीच्या खिडकीतून जो दिसतो तोच. वाटेत आम्ही खूप बोललो. तिचा एक मुलगा पाण्यात बुडून गेलेला, नितेशच्या आधीचा, ते मला तेव्हाच कळलं. माझा नवरा कसा गेला ते मी सांगितलं. रस्ता खराब होता आणि दर खड्ड्याला आम्ही दोघी एकदमच पेटी उचलून धरायचो.

लॅब तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. भानूबायने पेटी डोक्यावर घेतली. खिडकीपाशी मास्क लावलेली तरुण पोरगी होती. तिने बाटली काढली, उलटी केली. आतलं हललं नाही.

"काकू, हे गोठलंय."

"मग? थंड ठेवा म्हणाल्या ना!" मी म्हटलं. मला तर अभिमान वाटत होता.

"थंड म्हणजे फ्रीजमधल्या पाण्याइतकं हो. हा तर दगड झालाय. मीठ टाकलंत का यात?" ती आत गेली, तिच्या साहेबांना घेऊन आली. साहेब चांगला माणूस होता, ओरडला नाही. त्याने समजावलं. पाणी हळूहळू गोठलं की आत बर्फाच्या बारीक सुया होतात, त्या पेशींमधून जातात आणि टाके फाडतात. "आता कातडी फाटलेली दिसणारच. पण आजारानं फाटली की बर्फानं, हे मी कसं सांगू? पुन्हा घ्यावं लागेल."

पुन्हा खोडरबर. पुन्हा पातं.

तिथेच जिन्यात मनीषाचा फोन आला. आणि मी काय बोलले ते मला आजही खुपतं. मी म्हटलं, "तुझ्या सासूनं बर्फात घातलं गं! मासळी समजली की काय! वाट लावली सगळी!" भानूबाय दोन पायऱ्या खाली उभी होती, रिकामी पेटी हातात. मिठाचं मी फोनवर बोलले नाही. दोन किलो मीठ मी आणलं होतं, मी होय म्हटलं होतं, पेटी माझ्याही मांडीवर होती. त्यातलं एक अक्षर काढलं नाही. परतीच्या रिक्षात खड्डे आले तेव्हा पेटी धरायची गरज नव्हती.

पुन्हा बोरीवली

दुसऱ्या दिवसापासून भानूबाय दवाखान्यात आली नाही. नितेशच्या हातून डबा यायचा. घरी मी उठायच्या आत ती गेलेली असायची, आणि रात्री मला वाढून झालं की स्वतःचं ताट घेऊन ओट्याकडे तोंड करून बसायची. तो आवाज, गल्लीभर जाणारा, बंदच झाला.

मी शिलाईत मन घातलं. नर्सने सांगितलं होतं, हिला कपडे उलटे घाला, आतली शिवण अंगाला घासते. मी म्हटलं उलटे कशाला? शेजारणीचं मशीन मागितलं, भानूबायच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची झबली शिवली, सगळ्या शिवणी बाहेरून, बंद पुढून, डोक्यातून घालायची भानगडच नाही. तीस वर्षं मी शिवण लपवायचा पैसा घेतला. त्या आठवड्यात उलटं शिकले.

दुसरा तुकडा काढायचं ठरलं त्या सकाळी मनीषा सासूबद्दल म्हणाली, "मम्मींना यायला तोंड नाहीये, आई. नितेश सांगत होता, रात्री रडतात. बरोबरच आहे, त्यांना कळायला हवं होतं ना."

माझ्याने राहवेना. म्हटलं, "मीठ मी आणलं होतं."

"काय?"

"बर्फात घालायचं मीठ. मी आणलं. तिनं एक किलो सांगितलं, मी दोन आणलं. मलाही ते बरोबरच वाटलं."

मनीषा माझ्याकडे बघतच राहिली. "मग फोनवर सांगितलं का नाहीस?"

"तुझ्यापुढे मला वाईट व्हायचं नव्हतं."

ती इतक्या हळू बोलली की ओरडली असती तर बरं झालं असतं. "आई, माझ्या पोरीला दुसऱ्यांदा कापणार आहेत. मला दोन्ही आज्या इथं पाहिजेत. जा, त्यांना घेऊन ये."

बाजारात भानूबाय बोंबील साफ करत होती. गिऱ्हाईक होतं समोर, तरी मी बोलले. "विहीणबाई, मी खोटारडी आहे. मनीषाला सगळं सांगून आले. आता चला." तिने मान वर केली नाही. कोयत्याने एक बोंबील कापला, दुसरा कापला. "मीठ आणा म्हणून मीच सांगितलं ना? मग तुमचं काय चुकलं? मी येत नाय ताई. थंड ठेवा बोलल्या तर मी इचारायला पायजे होतं, किती थंड. मासळीला कोण इचारतो? मी पोरीच्या कातडीला मासळी केली."

"मी म्हटलेलं परत म्हणू नका."

"खरं ते बोललात तुमी."

"खरं नव्हतं! मला राग आला की मी काय वाट्टेल ते बोलते. माझ्या नवऱ्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, पण तो बिचारा गेला."

गिऱ्हाईक बाई हसली. भानूबाय हसली नाही, आणि त्या दिवशी आलीही नाही.

पोरीला दुसऱ्यांदा कापताना मी डोळे मिटून घेतले. बाटली घेऊन मीच गेले, या वेळी दवाखान्यानेच दिलेल्या डब्यात, आणि हात लावून लावून बघत होते गार आहे ना, गोठलं नाही ना. मुलुंडच्या त्या पोरीने बाटली हलवली. आतलं पाणी डुचमळलं. "आता बरोबर आहे, काकू." मी जिन्यात बसून पाणी प्याले.

रिपोर्टला काही दिवस लागले. त्या दिवसांचं मी काही लिहीत नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. पोरीला नवे फोड आले, जुने सुकले. निर्जंतुक सुईने फोडातलं पाणी काढायला मनीषा शिकली, वरची कातडी तशीच ठेवायची, ती खालच्या जखमेला झाकते. वाटी-चमच्याने दूध पाजायला मी शिकले.

मग फोन आला, सगळे या. नितेश बाजारात जाऊन आईला जवळजवळ ओढतच घेऊन आला. ती दारातच उभी राहिली, पदराला हात पुसत.

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. "मधल्या शिलाईतच उसवतंय," त्या म्हणाल्या.

मनीषाच्या तोंडून आवाज निघाला, तो मी लिहू शकत नाही. नितेशने तिला धरलं.

"थांबा. पूर्ण ऐका. धागा आहे की नाही तेही त्यांनी बघितलंय. कमी आहे. पण आहे."

नितेशने कागद स्वतःकडे ओढला.

"नसता, तर मी तुम्हाला दुसरंच काहीतरी सांगत असते. धागा थोडा जरी असला, तरी यातली बरीचशी मुलं मोठी होतात. शाळेत जातात. जखमा होत राहतील, नखं, दात, केस यांचा त्रास होईल, जन्मभर जपावं लागेल. खात्री मी कुणाचीच देत नाही. पण ही जगेल असं मला वाटतं."

दारातून भानूबायने विचारलं, "वाचंल?" इतक्या दिवसांत दवाखान्यात तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"हो, आजी. मला तसं वाटतं."

मनीषा उठली. तिने पोरीला गादीसकट उचललं, हात खाली पसरून, घासू न देता, आणि दाराशी गेली. "मम्मी, घ्या."

"नको गो. माजे हात बघ. खवले लागून लागून खरखरीत झालेत."

"हात लागत नाहीत. गादी आहे खाली. घ्या ना, मम्मी."

भानूबायने दोन्ही हात पुढे केले. मनीषाने गादी त्यावर ठेवली. बिचारी श्वासही घेईना, हलेना, दारात तशीच ताठ उभी. पोरगी जागी होती, तिच्याकडे बघत होती. मग भानूबाय मान न हलवता, डोळे पोरीवरच ठेवून, मला म्हणाली, "ताई, माजे डोळे पुसा लवकर. हिच्या जखमेवर पडंल."

मी पदराने पुसले. ते थांबेचनात, म्हणून मी तशीच पदर धरून तिच्याजवळ उभी राहिले.